सासूचा दुसरा जबाब

लंबासा, फिजी, १४ ऑगस्ट २०१८

चि. शैलेशनीस अम्माचा आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तू गेल्यापासून घर ओकंबोकं झालं आहे. अविनेश नीट जेवत नाही. त्यानं नंगोनाची नशा सोडली आहे, रमला तर हातही लावत नाही. तुझ्यावर त्याचा काही राग नाही. चूक दोघांचीही असते. अनिष्काची शाळा बुडते आहे, तिच्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला. परक्या लोकांच्या नादी लागून कोर्टकचेरी करणं आपल्या घराला शोभत नाही. तुझ्या नवऱ्यानं तुझ्यावर कधी हात उचलला नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

माझी तब्येत बरी नसते. मी आता किती दिवसांची. नातीचं तोंड दाखव. तू कुठं आहेस तेवढं कळव, अविनेश लॉरी घेऊन न्यायला येईल.

तुझी अम्मा


१७ ऑगस्ट

शैलेशनी,

आधी एवढं वाच. येऊ नकोस. कुठं आहेस ते कळवू नकोस, मलासुद्धा नाही.

मंगळवारच्या पत्रातलं अक्षर माझं, शब्द एकही माझा नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अविनेश माझ्यासमोर बसला होता. तो सांगत होता, मी लिहीत होते. 'मी आता किती दिवसांची' हेही त्यानंच सांगितलं. तिथं मी थांबले तर म्हणाला, "लिही ना अम्मा, खोटं आहे का?"

कोर्टानं त्याला तुझ्यापासून लांब राहायचा हुकूम दिला, त्या कागदावर तुझ्या वकिलाच्या ऑफिसचं नाव होतं. बाजारासमोर कापडाच्या दुकानावर ते मोफत मदतीचं ऑफिस आहे, तेच. त्यानं मला जिन्यापाशी सोडलं आणि स्वतः रस्त्यापलीकडे उभा राहिला. "मी गेलो तर हुकूम मोडला म्हणतील. तू गेलीस तर सासूची माया," म्हणाला. काउंटरवरच्या मुलीनं पत्र घेतलं आणि मला विचारलं, "आंटी, तुम्ही बऱ्या आहात ना?" मी म्हटलं, सर्दीनं डाव्या कानाला दडे बसलेत, जरा मोठ्यानं बोल. मग तिनं मोठ्यानं विचारलं. मी म्हटलं, बरी आहे, आणि जिना उतरले.

हे पत्र लिटिया त्याच ऑफिसात पोचवेल. आपल्या उसापलीकडची, बाजारात दालोचे कंद विकणारी. मी तिला काही सांगायला गेले नव्हते. तीच कुंपणाशी येऊन म्हणाली, "दीदी, सून पळाली ते झकास झालं. तू कधी पळतेस?" मी म्हटलं, साठी उलटलेल्या बाईनं कुठं पळायचं, गुडघे बघ माझे. "मग रांगत जा," म्हणाली. तिच्या टोपलीत तळाला, पानांखाली, हा कागद जाईल.

गाळप जोरात आहे. अविनेशची लॉरी ऊस घेऊन मिलच्या रांगेत लागली की सहा-सहा, आठ-आठ तास सुटत नाही. तेवढा वेळ माझा. मिल बिघडली की अख्खा लंबासा शिव्या घालतो, मी देवापुढे दिवा लावते.

एक गोष्ट दोन वर्षं पोटात ठेवलीय. तू पहिल्यांदा गेलीस, सेआंगांगाला तुझ्या मामाकडे, तेव्हा त्याला पत्ता कुणी दिला ते तुला कधी कळलं नाही. बसवाल्यानं सांगितलं असेल असं तू म्हणायचीस आणि मी मान हलवायचे. पत्ता मी दिला. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होता. लहानपणी ताप आला की रडायचा तसा. मला वाटलं, एवढा रडतोय म्हणजे सुधारला. तुला आणल्यावर चौथ्या दिवशी तुझं मनगट मोडलं. हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, धुण्याच्या दगडावरून पाय घसरला.

म्हणून म्हणते, मला पत्ता सांगू नकोस. मी बरी बाई आहे असं समजू नकोस.

सुमिंत्रा


२९ ऑगस्ट

शैलेशनी,

सावूसावूला गेली असशील तर तिथून निघ. गेली नसशील तर जाऊ नकोस. मिलच्या रांगेत कुणा ड्रायव्हरनं अविनेशला सांगितलं की सावूसावूच्या धक्क्यावर एक बाई आणि लहान मुलगी बोटीची वाट बघत होत्या, मुलीच्या पाठीला गुलाबी दप्तर होतं. अविनेश रविवारी तिकडे गेला. दिवसभर धक्क्यावर उभा राहिला. तिकिटं देणाऱ्याला तुझा फोटो दाखवला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा तसा होता. कसा, ते तुला सांगायला नको.

काल घरी रामायण झालं. रामायण मंडळीतले सगळे आले होते. पाठ झाला, आरती झाली, नंगोनाची वाटी फिरली आणि मग अविनेश सगळ्यांसमोर रडला. मंडळीचे प्रधान मला म्हणाले, "वहिनी, भांड्याला भांडं लागतंच. आपल्या घरचं उणं त्या परक्या लोकांच्या ऑफिसात कशाला टांगायचं? सुनेला समजाव." मी मान हलवली. या मानेला सवयच झालीय.

तुझे सासरे हात उचलत नसत असं मी तुझ्या लग्नाच्या वेळी तुझ्या आईला सांगितलं होतं. तेही खोटं. इतकी वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि त्यालाच संसार म्हटलं. तू मार खायचीस तेव्हा मी अनिष्काला मागच्या ओसरीवर नेऊन मोठमोठ्यानं रामायणाच्या चौपाया म्हणायला लावायचे. तिला ऐकू जाऊ नये म्हणून. मलाही.

सगळे गेल्यावर अविनेश अनिष्काची चित्रकलेची वही घेऊन बसला. एकेक पान उलटून बघत होता, कुठं घर काढलंय, कुठं समुद्र काढलाय. मग म्हणाला, "अम्मा, तुला ठाऊक आहे ती कुठं आहे."

"नाही रे."

"मागच्या वेळीही आधी नाहीच म्हणाली होतीस."

पुढचं लिहीत नाही. मी बरी आहे.

त्यानं वकील केलाय. अनिष्काचा ताबा मागतोय. तुझं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणतो. मी म्हातारी काय करू शकते, सांग. कुणी विचारलं तर काय सांगायचं तेही मला कळत नाही.

लॉरीचा आवाज आला.


१२ सप्टेंबर

शैलेशनी,

लिटियानं निरोप आणला. तुझी वकील मेरेसियाना म्हणाली की पत्र आलं की ती आधी तुला विचारते, तुला हवं असेल तरच देते. पहिलं तू घेतलं नाहीस, ते तिनं कोर्टात दाखवायला ठेवलं. नंतरची दोन्ही घेतलीस. उत्तर देणार नाहीस असं सांगितलंस. बरोबर आहे तुझं.

पण तू ती वाचलीस, म्हणून आता हे लिहावं लागतं. 'मी काय करू शकते' असं मागच्या पत्रात लिहिलं, तेव्हा मी करून चुकले होते. त्याच्या दोनच दिवस आधी, सोमवारी, मी अविनेशच्या वकिलापुढे शपथेच्या कागदावर सही केली.

कागद इंग्रजीत होता. वकिलानं आपल्या बोलीत भराभर वाचून दाखवला. माझ्या मुलानं बायकोवर कधी हात उचलला नाही. सून तापट आहे, भांडी फेकते. मुलीला उपाशी ठेवते. मनगट धुण्याच्या दगडावर मोडलं, मी डोळ्यांनी पाहिलं. सगळं असंच. अविनेश शेजारी बसला होता, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. वकिलाला वाटलं असेल, किती प्रेमाचा मुलगा.

भीतीनं सही केली असं मी लिहू शकले असते आणि तू मानलंही असतंस. भीती होतीच. पण कागदाच्या शेवटी असं होतं की अनिष्का बापाकडे आली तर तिला आजी सांभाळेल. हे ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं. सकाळी तिची वेणी घालीन, डब्यात रोटी आणि भोपळ्याची भाजी देईन, एवढंच डोळ्यांपुढे आलं. तू आलीच नाहीस डोळ्यांपुढे. पेन घेतलं आणि सही केली.

घरी आल्यावर अविनेशनं स्वतः चहा केला. "बघ, तुझी नात आणतोच आता," म्हणाला. "आणि ती इथं आली की तिची आई मागून येते की नाही बघ. कुत्रीसारखी येईल."

तेव्हा मला कळलं की अनिष्का कशासाठी हवीय.

पंधरा दिवस झाले, मला अन्न गोड लागत नाही. पाच ऑक्टोबरला कोर्टाची तारीख आहे. लिटियाला हे सांगितलं तर तिनं टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "दीदी, तुझा मुलगा लॉरी चालवतो, हे ठाऊक होतं. तू चाकाखाली आहेस हेही ठाऊक होतं. तू दुसऱ्याला पण ओढून चाकाखाली घेशील, हे मात्र ठाऊक नव्हतं."

मी म्हटलं, आता काय करू.

"मला कशाला विचारतेस, मी दालो विकते. जिथं पत्रं पाठवतेस तिथं स्वतः जा."


२० सप्टेंबर

शैलेशनी,

काल मिलचा बॉयलर बिघडला. सकाळी आठलाच बातमी आली की संध्याकाळपर्यंत एकही लॉरी आत जाणार नाही. रांग सोडली तर नंबर जातो, त्यामुळे अविनेश तिथून हलणार नाही हे मला ठाऊक होतं. मी साडी बदलली, लिटियाबरोबर बस पकडली. बसमध्ये प्रधानांची बायको होती. कुठं चाललीस विचारलं. मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडे.

जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. नवव्या पायरीवर मी परत फिरले होते. लिटिया खाली वाट अडवून उभी होती. "खाली जागा नाही, दीदी," म्हणाली. "माझी कंबर बघितलीस ना?"

मेरेसियाना इतकी तरुण असेल असं वाटलं नव्हतं. फिजियन असून आपली बोली फर्डी बोलते. तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "आंटी, आधी ऐका. मी शैलेशनीची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही मला जे सांगाल ते मी तिच्यासाठी वापरणार."

"त्यासाठीच आलेय."

"तुम्ही शपथेवर एक कागद केलाय. तो खोटा होता म्हणालात तर तिकडचा वकील तुम्हाला कोर्टात सोलून काढेल."

"पोरी, चौसष्टाव्या वर्षी सोलायला उरलंय काय."

ती हसली नाही. म्हणाली, "तरी तुमच्या बाजूनं विचार करणारं कुणीतरी हवं. ते मी होऊ शकत नाही." आणि तिनं मला मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या वकीलबाईकडे पाठवलं. तीही बायकांना फुकट मदत करते. पन्नाशीची आहे, चष्मा कपाळावर ठेवते. तिनं माझं सगळं ऐकलं. मधे एकदाही 'अरेरे' म्हणाली नाही. शेवटी विचारलं, "कानाला काय झालं?"

"सर्दी."

"कधीपासून?"

"जुलैपासून."

"जुलैमध्ये घरातून कोण गेलं?"

मग मी सांगितलं. तू गेलीस त्या संध्याकाळी त्यानं मला विचारलं आणि मी ठाऊक नाही म्हटलं. खरंच ठाऊक नव्हतं. त्यानं कानाखाली मारली तेव्हा आत काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि तेव्हापासून त्या बाजूला नुसता समुद्राचा आवाज येतो. रामायणाच्या दिवशी मंडळी गेल्यावर दंडावर जे झालं तेही सांगितलं. बोलता बोलता मलाच नवल वाटलं, मी हे कुणाला सांगतेय. देवाला पण सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आईसाठीही आहे. घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मग कोर्ट त्याला बाहेर जायला सांगू शकतं."

मी पिशवी उचलून उभी राहिले. म्हटलं, बाई, मी सुनेचं काम करायला आलेय. तो माझा मुलगा आहे. मला त्याच्याविरुद्ध काही नको.

तिनं आग्रह केला नाही. फोन नंबर लिहून देत होती. मी म्हटलं, कागद नको, सांग, मी पाठ करते. सुंदरकांड पाठ आहे, सात आकडे काय मोठे.

परत मेरेसियानाकडे येऊन दुसरा कागद केला. या वेळी तिनं एकेक ओळ थांबून वाचली आणि प्रत्येक ओळीला विचारलं, "हे तुम्ही पाहिलं? की ऐकलं?" पत्ता दिला ते पण लिहिलं. धुण्याचा दगड पण. खाली माझ्या अक्षरात सही केली.

मग मी विचारलं, हे त्याला कळणार का?

"आंटी, एक प्रत त्याच्या वकिलाला द्यावीच लागते. कोर्टात झाकून काही ठेवता येत नाही."

"कधी?"

"एक तारखेला."

म्हणजे अकरा दिवस. मी घरी आले, डाळ टाकली, पीठ मळलं. तो आला तेव्हा रोट्या तव्यावर होत्या.

सगळ्या लंबासात मिल रडतेय आणि मी दिवस मोजतेय.


३ ऑक्टोबर

शैलेशनी,

मी लिटियाच्या घरी आहे. हे तिच्या घरात बसून लिहिते. दारात तिचे दोन भाऊ बसलेत, त्यामुळे अक्षर जरा बरं आहे.

सोमवारी कागद त्याच्या वकिलाकडे गेला. त्या दिवशी दुपारी लॉरी आली तेव्हा आवाजावरूनच मला कळलं. मी चुलीपाशी उभी राहिले, पाठ भिंतीला लावून.

त्यानं काही केलं नाही. हात धुतले, जेवायला बसला. टोमॅटोची चटणी मागितली. तीन रोट्या खाल्ल्या, मग चौथी मागितली. मी वाढताना तो माझ्या मनगटाकडे बघत होता. पाणी प्यायला आणि म्हणाला, "अम्मा, शुक्रवारी कोर्ट आहे. तू बसनं जाऊ नकोस. मी नेईन तुला लॉरीतून."

मी म्हटलं, बरं.

"सकाळी लवकर निघू. नदीच्या रस्त्यानं जाऊ. बोलायला वेळ मिळेल."

दोन दिवस तो असाच होता. शांत. त्यानं माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणल्या. अंगणातला नळ दुरुस्त केला. मी पाणी भरायला गेले की मागे येऊन उभा राहायचा. मारलं असतं तर मला कमी भीती वाटली असती. मार कुठं संपतो ते मला ठाऊक आहे. हे कुठं संपणार होतं ते ठाऊक नव्हतं.

मधे बंद पडलेली मिल आज सुरू झाली आणि त्याला जावंच लागलं. जाताना त्यानं दाराला बाहेरून कुलूप लावलं. म्हणाला, चोरांचा सुळसुळाट झालाय. मागच्या खिडकीची जाळी तुझ्या लक्षात असेल, वाळवीनं खाल्लेली. ती मी सांडशीनं काढली. खाली उतरताना गुडघा सोलला. तुळशीपाशी थांबले नाही. उसातून सरळ चालत सुटले. ऊस डोक्याच्या वर, बाहेरून कुणी दिसत नाही आणि आतून आपल्यालाही काही दिसत नाही. माझी चप्पल एक तिथंच राहिली. लिटिया दालो सोलत होती. मला बघून तिनं हातातली सुरी खाली ठेवली आणि मला आत घेतलं.

मी तिच्या फोनवरून ते सात आकडे फिरवले. वकीलबाईंना म्हटलं, त्या दिवशी नको म्हटलं तो अविनेशविरुद्धचा अर्ज मला हवाय. ती म्हणाली, "मी तयारच ठेवलाय."


६ ऑक्टोबर

शैलेशनी,

काल कोर्टात तू पडद्याआड होतीस. मला तुझी फक्त सँडल दिसली, आणि तुझा खोकला ऐकू आला, उजव्या कानानं. तरी तू काय काय ऐकलंस मला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

अविनेशनं पांढरा शर्ट घातला होता. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण आत गेल्या गेल्या बघितलंच. तो हसला. लहानपणी बक्षीस घ्यायला जाताना माझ्याकडे बघून हसायचा तसं.

त्याच्या वकिलानं दोन्ही कागद हातात धरले. "बाई, हाही शपथेवर, तोही शपथेवर. तुम्ही रामायण वाचता म्हणे. मग खोटं कुठल्या दिवशी बोललात?"

मी म्हटलं, पहिल्या दिवशी.

"आज खरं बोलताय याचा पुरावा काय?"

"त्या दिवशी मुलगा खुर्चीला हात लावून बसला होता. आज तो लांब आहे."

मागे कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटबाईंनी वर बघितलं. मग त्यानं मला बरंच सोललं, मेरेसियानानं सांगितलं होतं तसंच. सुनेनं पैसे दिले का. म्हातारपणी विसर पडतो का. मनगट मोडताना मी कुठं उभी होते. मी सांगितलं, दारात. थांबवलं का नाही? मी म्हटलं, नाही थांबवलं. तुझा खोकला तेव्हाच आला.

हे सगळं मला जमलं. तुझ्याबद्दल बोलायचं होतं तोवर जमलं. मग माझा स्वतःचा अर्ज निघाला आणि मॅजिस्ट्रेटबाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, "तुम्हाला तुमच्या मुलाची भीती वाटते का?"

साधा प्रश्न होता. आईला मुलाची भीती वाटते, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं. ज्याला न्हाऊमाखू घातलं, त्याची. मी भिंतीकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. अविनेश हळूच म्हणाला, "अम्मा." एवढंच. तो आवाज ऐकून मी कठड्यावर हात ठेवला तर कठडा खडखडायला लागला, आणि सगळ्यांना तो ऐकू येत होता.

मी म्हटलं, "हो."

पुढचं तुला मेरेसियानानं सांगितलंच असेल. अनिष्का तुझ्याकडे राहील. तो तिला भेटेल ते ऑफिसात, तेही कोणीतरी समोर बसलेलं असताना. घर त्यानं सोडायचं, माझ्या फाटकाशी यायचं नाही.

बाहेर व्हरांड्यात तू माझ्या शेजारून गेलीस. मला वाटलं होतं काही बोलशील. तू थांबलीस, माझ्या पायांकडे बघितलंस. मी लिटियाच्या भावाच्या चपला घातल्या होत्या, दोन बोटं मोठ्या. मग तू पुढे गेलीस. मी वाईट वाटून घेतलं नाही. थोडं घेतलं.


८ नोव्हेंबर

शैलेशनी,

हे लिटिया आत्ता लगेच घेऊन जातेय. मेरेसियाना तुला फोनवर वाचून दाखवेल, वेळ घालवू नकोस.

मी महिनाभर घरी एकटीच आहे. नवं कुलूप लावलंय, वकीलबाईंच्या माणसानं बसवून दिलं. मंडळी आपल्याकडे येत नाही. प्रधानांची बायको बाजारात मला बघून दुसऱ्या गल्लीला वळते. ते चालेल. लॉरी गेली की मात्र अंगावर काटा येतो. गाळप संपत आलंय, तरी दिवसाला चाळीस लॉऱ्या जातात आणि प्रत्येक वेळी मी हातातलं टाकून ऐकत उभी राहते.

काल तो चालत आला, म्हणून मला कळलं नाही.

दिवाळीचा दिवस, दुपारचे तीन. मी पणत्यांच्या वाती वळत होते. पायरीवर चाहूल लागली म्हणून जाळीतून बघितलं तर अविनेश. नवा कुर्ता, हातात मिठाईचा डबा आणि साडीचं पाकीट. वाळलाय तो. "अम्मा, दार उघड," म्हणाला. "सणाचा दिवस आहे. पाया पडतो आणि जातो."

तुला खोटं सांगणार नाही. माझा हात कडीवर गेला होता. दरवर्षी त्याला गुलगुले लागतात, मी केले होते, कशासाठी केले होते कोण जाणे.

मी म्हटलं, तिथूनच नमस्कार कर बाळा, आणि जा.

तो पायरीवर बसला. डबा मांडीवर ठेवला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बरं, नको उघडू. एवढंच सांग, ती कुठं आहे. मग मी तुला कधीच त्रास देणार नाही."

मी कडीवरचा हात काढला आणि फोनपाशी गेले.

पोलिसांनी त्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. स्पेलिंग विचारलं. मला इंग्रजीत तेवढं एकच नाव लिहिता येतं, शाळेत घालताना शिकले होते, ते एकेक अक्षर करून सांगितलं. "तुमचा कोण?" मुलगा. "काय करतोय?" पायरीवर बसलाय. "मारतोय का? दार तोडतोय का?" नाही, मिठाई घेऊन आलाय. फोनवरचा पोरगा म्हणाला, "आंटी, दिवाळी आहे, मिठाई घेऊन आलाय, तर..."

मी म्हटलं, "बाळा, कोर्टाच्या कागदात मिठाईचं काही लिहिलेलं नाही. त्यात फाटक लिहिलंय. तो फाटकाच्या आत आहे."

ते आले. त्यानं झटापट केली नाही. गाडीत बसताना त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी तुला लिहून कळवू शकत नाही, पण तुला ती माहीत आहे. डबा पायरीवर राहिला. लिटिया म्हणाली, फेकू का. मी म्हटलं, फेक.

उद्या, शुक्रवारी सकाळी, त्याला कोर्टापुढे उभं करणार आहेत. दुपारपर्यंत सोडतीलही, असं वकीलबाई म्हणाल्या. तू कुठं आहेस मला ठाऊक नाही. लंबासात असशील तर उद्या बाजारात येऊ नकोस. अनिष्काला शाळेत पाठवू नकोस. तो लॉरीतून येईलच असं नाही, चालत येईल, चांगले कपडे घालून येईल, हसत येईल. दाराला आतून कडी घाल. मीही घातली आहे.

सुमिंत्रा